चोपड्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान: घाई असेल तर जाऊ नका

या दुकानाला पाटी नाही. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यातून यावलकडे निघालं की एक पत्र्याचं शेड लागतं, बाहेर भिंतीला जळालेल्या सबमर्सिबल मोटरी टेकवून ठेवलेल्या. "नानांचं वाइंडिंग कुठं?" एवढं विचारा, शेंबडं पोरगंही सांगेल. फोन मात्र लावू नका. नाना उचलत नाहीत, आणि भाच्याने उचललाच तर "या की दुकानावर" यापलीकडे काही कळत नाही.

सकाळी टाका, संध्याकाळी न्या, असं म्हणणारी दुकानं आपल्या भागात पुष्कळ आहेत. आमची साडेसात एचपीची मोटर पहिल्यांदा जळाली ती अशाच एका ठिकाणी भरून घेतली होती. संध्याकाळी मिळाली हे खरं. पण आठवडा सरायच्या आत पुन्हा जळाली, आणि त्या माणसाने "लाईटच तशी आहे भाऊ" म्हणत हात वर केले. महिना मे, पारा 45 च्या पुढे, केळीची कांदेबाग निसवायला, म्हणजे घड टाकायला, आलेली. या दिवसांत केळीच्या एका झाडाला रोज 15-20 लिटर पाणी लागतं. ठिबक बंद पडलं की तिसऱ्या दिवशी पानं कडेने करपायला लागतात, आणि नेमक्या निसवणीत ताण बसला तर घड लहान पडतो, तो पुढे कितीही पाणी द्या, भरत नाही. अशा वेळी डोक्यात काय काय येतं ते केळीवाल्यालाच विचारा.

नानांकडे मोटर घेऊन गेलो तर त्यांनी आधी भाव सांगितला नाही, तारीखही सांगितली नाही. "जयी गई का परत? बठा," म्हणाले आणि माझ्यासमोर मोटर खोलली. हे मला पहिल्यांदा आवडलं. आधीच्या ठिकाणी काउंटरच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. नानांनी बॅटरी मारून आतलं वाइंडिंग दाखवलं. दोन फेजच्या जुड्या काळ्या पडलेल्या, तारेवरचं प्लास्टिक वितळून एकमेकांना चिकटलेलं, आणि तिसऱ्या फेजची तार नव्यासारखी. "दखा. विजेचा दाब कमी असता, नाहीतर वाळूनं पंप अडकला असता, तर तिन्ही सारखे भाजले असते. इथं एक फेज येतच नव्हता." मी म्हटलं, एक फेज गेला की मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर बसवलाय. ते म्हणाले, स्टार्टर घेऊन या, मग बोलू.

मोटर भरायला टाकलीय आणि हे स्टार्टर मागतायत, माझं टाळकंच सरकलं. उन्हात परत शेतात जा, पेटी उतरव, मोटरसायकलला बांधून आण. आणला. नानांनी झाकण काढलं, कॉन्टॅक्ट बाहेर घेतले, आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एक पाल काढून माझ्यापुढे धरली. वाळून पापड झालेली, पोटाशी जळालेली. एका कॉन्टॅक्टमध्ये ती चिरडली होती, त्यामुळे तो फेज टेकतच नव्हता. साधा प्रिव्हेंटर स्टार्टरच्या आधीचा दाब बघतो. तिथं तिन्ही फेज ठणठणीत, मग त्याला पत्ता कसा लागणार? जास्त करंट ओढला की मोटर बंद करणारा ओव्हरलोडचा रिले ती वाचवू शकला असता, पण तो आधीच्या दुकानात वरच्या आकड्याला फिरवून दिला होता, "सारखा ट्रिप होऊ नये म्हणून". नानांनी तो मोटरीच्या प्लेटवरच्या अँपिअरला आणला आणि पेटीतली केबलची भोकं रबराने बुजवून दिली. याचे पैसे लावले नाहीत. ज्यांची मोटर वर्षात दुसऱ्यांदा जळाली असेल त्यांनी वाइंडिंगवाल्याला शिव्या घालण्याआधी स्टार्टर उघडून बघावा, एवढं तरी या परीक्षणातून घ्या.

आता वेळेचं. पाण्याच्या मोटरीचं वाइंडिंग हाताने भरतात. सुईत दोरा ओवावा तशी प्लास्टिकची तार एकेका खाचेतून ओढून घ्यायची, एका तोंडाला नाना, दुसऱ्या तोंडाला भाचा. एक खाच भरली की नाना फरशीवर खडूने रेघ मारतात. शेजारी कुणी बोलत असलं तर उत्तर देत नाहीत, आकडा चुकतो म्हणून. सगळं भरून, बांधून झालं की स्टेटर, म्हणजे तार भरलेला भाग, रात्रभर पाण्याच्या टाकीत बुडवतात आणि सकाळी मेगर लावतात, तारेचं प्लास्टिक कुठं फुटलंय का ते दाखवणारं यंत्र. हा रात्रभराचा प्रकार गिऱ्हाइकाला फार झोंबतो. माझ्यासमोर एकजण "राहू द्या ना, तसंच द्या" म्हणून हात जोडत होता. नानांनी त्याला चहा पाजला आणि मोटर दिली नाही.

आमच्या मोटरीला सकाळी मेगर लावला. काटा अनंताला जायला पाहिजे, तो निम्म्यातच लटकला. नानांनी पुन्हा लावला, टोकं पुसून पुन्हा लावला. तसाच. कुठंतरी खाचेच्या धारेला तार सोलवटली होती. मी कपाळाला हात लावला. घरी काय सांगू, तेच सुचेना. नानांनी ना कपाळावर आठी आणली ना भाच्याला बोलले. पक्कड घेतली, कालपासून भरलेली तार कापून काढायला बसले, आणि भाच्याने ओल्या फडक्याने फरशीवरच्या सगळ्या रेघा पुसल्या. मी विचारलं, "नाना, पुन्हा खराब निघाली तर?" मान वर न करता म्हणाले, "परत काढू." ती खराब खाच त्यांनी शोधली, कानशीने घासली, बोट फिरवून बघितली, मग मलाही फिरवायला लावली. नवी तार त्यांच्या खर्चाने.

इकडे घरी आईचं वेगळं चाललं होतं. तिने आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीला नवस बोलून टाकला होता, यंदा श्रावणात रोट मोठे करीन. रोज संध्याकाळी मी चिडचिड करत आलो की "व्हई जाई रे बेटा" एवढंच. मला त्या वाक्याचा राग यायला लागला होता. पण ज्या दिवशी मोटर मेगरला नापास झाली त्या दिवशी ही बाई, मला न विचारता, शेजारच्या मळ्यात जाऊन बसली. बांधावरून त्यांचं-आमचं बोलणं कित्येक वर्षं बंद. काय बोलली, देव जाणे, त्या लोकांनी एक दिवसाआड त्यांच्या बोअरचं पाणी आमच्या ठिबकला जोडू दिलं. मग तिने बायका लावून वाळलेली पानं बुंध्याशी अंथरून घेतली. नवस बोलून हातावर हात ठेवून बसायचं, असं तिच्या देवधर्मात नाहीच. बाग त्यावरच तगली. कडेच्या दोन ओळींचे घड लहान निघाले, ते निघालेच.

दुसऱ्या खेपेला काटा थेट अनंताला टेकला. मोटर देताना नानांनी पुन्हा शाळा घेतली: बोअरमध्ये सोडण्याआधी उभी करून आत स्वच्छ पाणी भरा, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा; केबलचा जोड मला दाखवल्याशिवाय उतरवू नका; चालू केल्यावर पाणी कमी आलं तर उलटी फिरत असेल, दोन फेज अदलाबदल करा. गॅरंटीचं विचारलं तर "तारेची देतो, लाईटची नाही."

पैसे इतरांपेक्षा थोडे जास्त पडतात. पण तार तुमच्यासमोर काट्यावर मोजतात आणि जळकं तांबं पोत्यात भरून तुम्हाला परत देतात, ते मोडीत घातलं की फरक बराचसा निघतो. बाकी दुकानांत जुन्या तांब्याचं नावही काढत नाहीत. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर लिहून देतात. बसायला एक बाकडं, त्यावर कायम कुणाचा तरी पंप. ऑनलाइन पैसे घेतात, भाच्याच्या नंबरवर. पाचपैकी चार. एक कापला तो फोन न उचलण्याबद्दल आणि तारीख न सांगण्याबद्दल, कारण भाड्याची गाडी फुकट फेरी मारून येते त्याचं दुःख वेगळंच असतं.

आणखी एक गोष्ट जाण्याआधी माहीत असू द्या. नाना मुक्ताईचे वारकरी. जेठात मुक्ताईनगरहून पालखी निघाली की ते निघतात, पाचशेच्या वर किलोमीटर, जवळजवळ महिनाभर पायी. तापीकाठी विजेच्या कडकडाटात मुक्ताई गुप्त झाल्या त्या 1297 साली, तेव्हा विजेशी या घराण्याची ओळख जुनीच, असं भाचा थट्टेने म्हणतो. तेवढे दिवस तो मोटरी जमा करून चिठ्ठ्या लावून ठेवतो, उघडत एकही नाही. तेव्हा मोटर गुणगुणायला लागली असेल, स्टार्टर वारंवार पडत असेल, किंवा बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर जेठ लागायच्या आत दाखवून घ्या. स्टार्टरही सोबत न्या, नाहीतर परत पाठवतील.