राजा शिवछत्रपती की श्रीमान योगी: एकच घ्यायचं असेल तर

भाच्याचा बंगळुरूहून फोन. "मामा, शिवाजी महाराजांवरचं एकच पुस्तक घेणार आहे. ‘राजा शिवछत्रपती’ घेऊ की ‘श्रीमान योगी’? दोन्ही वाचून होणार नाहीत, तेव्हा एकाचंच नाव सांग."

"दोन्ही चांगली आहेत," मी म्हटलं.

"ते आईनेही सांगितलं. पुतळा नको मला, माणूस पाहिजे."

हे शेवटचं वाक्य त्याने म्हटलं नसतं तर मी फोनवरच सुटलो असतो.

प्रतापगड, लाल महाल, पन्हाळा, आग्रा यांतलं काय कुठल्या पुस्तकात आहे हे सांगत बसत नाही. दोन्हींत सगळं आहे. दोन्ही हजारच्या घरात पानं घेतात. झोपून वाचायला दोन्ही वाईट, त्यातल्या त्यात दोन भागांतलं ‘राजा शिवछत्रपती’ छातीवर कमी दडपण आणतं. आधी एक कबुली देतो: तांत्रिकदृष्ट्या ही तुलनाच चुकीची आहे. बाबासाहेब पुरंदऱ्यांनी लिहिलं ते चरित्र, रणजित देसायांनी लिहिली ती कादंबरी. पण आपल्या घरांमध्ये ही दोन्ही एकाच फळीवर असतात, एकाच वयात हातात पडतात आणि बहुतेक जण दोन्ही गोष्ट म्हणूनच वाचतात. मीही तसंच वाचलं.

‘राजा शिवछत्रपती’ मला सहावीच्या सुट्टीत सापडलं. खरं तर आधी दीनानाथ दलालांची चित्रं सापडली, मजकूर नंतर. बाबांच्या कपाटातली जुनी प्रत होती, पानं पिवळी पडलेली, कडा वाळवीने चाखलेल्या. तिसऱ्या दिवशी मी जेवायला उठेना म्हणून आजीने पुस्तक पिठाच्या डब्यावर नेऊन ठेवलं. त्या वयात त्या भाषेने जे केलं ते नंतर कुठल्याच पुस्तकाने केलं नाही. शाहिराने डफावर थाप मारावी तशी वाक्यं. पन्हाळा ते विशाळगड ती रात्र वाचताना आपल्याच पायाला चिखल लागल्यासारखा वाटायचा. याचं कारण सरळ आहे: तो माणूस ते गड स्वतः पायांनी फिरला होता आणि जुनी कागदपत्रं वर्षानुवर्षं चाळत बसला होता. कुठली वाट कुठून फुटते आणि तटावरून काय दिसतं, या बाबतीत देसाई त्याच्या जवळपासही येत नाहीत. माझी पहिली पंधरा-वीस गडांची भटकंती त्या पुस्तकाची देणगी आहे, हे नाकारलं तर कृतघ्न ठरेन.

माझा काटा हलला तोही एका गडावरच.

राजगडावर पद्मावती माचीवर मुक्काम होता. रात्री देवळात पथारी पसरायची, सकाळी बालेकिल्ला, हा नेहमीचा बेत. संध्याकाळी सगळे चुलीपाशी बसले होते आणि मी महाराजांच्या थोरल्या राणी, संभाजीराजांच्या आई सईबाईंच्या समाधीजवळ उगाच रेंगाळलो. तारखांचा हिशोब तोपर्यंत कधी केला नव्हता. सईबाई गेल्या ५ सप्टेंबर १६५९ ला. अफजलखानाची भेट १० नोव्हेंबर १६५९ ला. मध्ये जेमतेम दोन महिने. संभाजीराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे. म्हणजे आपण चिलखत, वाघनखं, शामियाना हे सगळं रंगवून सांगतो तेव्हा त्या चिलखताच्या आत नुकतीच पत्नी गमावलेला एकोणतीस वर्षांचा माणूस उभा आहे आणि गडावर एक पोर आई शोधत असणार. इतकी वर्षं वाचूनही हे मला का सुचलं नव्हतं?

घरी येऊन दोन्ही पुस्तकांतली ती पानं काढली. बाबासाहेबांच्या पुस्तकात तोवर खान निघालेला असतो आणि सगळा प्रवाह प्रतापगडाकडे इतक्या जोरात ओढत नेतो की वाचणाऱ्याला काठावर बसायची सवडच मिळत नाही. हा दोष म्हणवत नाही, तो वेगच त्यांची ताकद आहे. देसाई मात्र थांबतात. सईबाईंशी असलेलं महाराजांचं नातं त्यांनी आधीपासून हळूहळू विणत आणलेलं असतं, त्यामुळे ते तुटतं तेव्हा पुढच्या स्वारीवर त्याची सावली पडते. त्यांनी लिहिलेले संवाद अर्थातच कुठल्या कागदात नाहीत. पण त्या दोन महिन्यांत माणसाच्या मनात काहीतरी चाललं असणारच आणि कागद त्याबद्दल गप्प आहेत. कादंबरी हवी असते ती अशाच जागी.

तरीही एवढ्यावर मी ठरवलं नसतं. ठरलं ते बाबांच्या डोळ्यांमुळे.

काही वर्षांपूर्वी बाबांना वाचणं अवघड झालं, तेव्हा रात्री जेवणानंतर मी त्यांना वाचून दाखवायचो. सुरुवात साहजिकच ‘राजा शिवछत्रपती’ने. पहिला आठवडा बहारीचा गेला. ते पुस्तक मोठ्याने वाचण्यासाठीच जन्मलंय, जीभ आपोआप लयीत येते. दुसऱ्या आठवड्यात माझा घसा बसला. त्या भाषेला खालचा सूर फारसा नाहीच. प्रत्येक परिच्छेद चढत जातो, उद्गारचिन्हावर संपतो आणि पुढचा तिथूनच सुरू होतो. बाबा एकदा म्हणाले, "जरा हळू वाच, शेजारच्यांना वाटेल आपल्याकडे भांडण लागलंय." हसलो दोघंही. पण पुढे एका रात्री ते जे बोलले ते डोक्यातून गेलं नाही. "अरे, मला रडू येण्याच्या आधीच यांना येतं. मग माझं राहून जातं."

माझी अडचण एवढीच आहे, पण ती एकदा जाणवली की जात नाही. महाराज आणि मी यांच्यामध्ये लेखक उभा असतो, हात जोडून, डोळे पुसत. त्याची भक्ती खरी आहे, शंभर टक्के खरी. पण दर्शनाच्या रांगेत पुढचा माणूस फार वेळ डोकं टेकून राहिला की मागच्याला मूर्ती दिसत नाही, तसं होतं. बाराव्या वर्षी याचा त्रास झाला नाही, कारण तेव्हा मीही हात जोडूनच उभा होतो. पंचेचाळिशीत झाला. तुम्हाला कदाचित होणारही नाही. माझ्या मोठ्या बहिणीला होत नाही, ती आजही दर शिवजयंतीला कुठलंही पान उघडून वाचते आणि प्रसन्न असते.

मग ‘श्रीमान योगी’ घेतलं. तिथे माझा आवाज आपोआप उतरला. एक उदाहरण सांगतो. राज्याभिषेक ६ जून १६७४ ला आणि जिजाबाई पाचाडला वारल्या १७ जूनला. अवघे अकरा दिवस. ज्या बाईने हे स्वप्न पोसलं तिने ते पाहिलं आणि डोळे मिटले. हा प्रसंग कुठल्याही लेखकाला मोह घालणारच. देसायांच्या त्या पानांवर मला थांबत थांबत वाचावं लागलं. बाबा काही बोलले नाहीत. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

आता ‘श्रीमान योगी’ची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर भाचा म्हणेल मामाने फसवलं. त्यात सगळेच फार छान बोलतात. प्रधान छान बोलतो, दाराशी उभा मावळाही छान बोलतो, सगळ्यांची वाक्यं एकाच सोनाराकडून घडवून आणल्यासारखी. दर चार प्रकरणांनी कुणीतरी आयुष्याचा अर्थ सांगून जातं. मोहिमांचा तपशील पळत उरकल्यासारखा वाटतो, गडाचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहत नाही.

आणि सोयराबाई, महाराजांच्या आणखी एक राणी, संभाजीराजांच्या सावत्र आई. महाराजांना माणूस करताना त्यांच्या घरातलं दुःख दाखवावं लागतं आणि त्या दुःखाला कारण लागतं. ते बरचसं सोयराबाईंच्या अंगावर येतं. संभाजीराजांना निदान इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे भेटले, त्यांनी कागद धुंडाळून १९६० मध्ये चरित्र उभं केलं आणि ‘व्यसनी, उथळ राजपुत्र’ हा शिक्का पुसायला सुरुवात केली. सोयराबाईंच्या वाट्याला असा कुणी आला नाही. एकाला माणूस करण्याची किंमत दुसऱ्याने मोजावी, हे मला अजूनही खुपतं. भाच्याला मी हे आधीच सांगणार आहे: शेवटचा तिसरा हिस्सा वाचताना सोयराबाईंची वकिली मनातल्या मनात तूच करत राहा.

‘श्रीमान योगी’ घेण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते देसायांनी लिहिलेलंच नाही. विचारवंत नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना. देसायांना लिहिलेलं ते एक लांबलचक पत्र आहे, आणि शिवाजी महाराजांवर मराठीत इतकं थंड डोक्याने आणि तरीही इतक्या आदराने फार थोडं लिहिलं गेलंय. लढाया जिंकणारे पुष्कळ असतात, कुरुंदकरांचं बोट वेगळ्याच ठिकाणी जातं. १६८० मध्ये महाराज गेले, त्यानंतर राजा मारला गेला, राजधानी गेली, खजिना गेला, आणि तरी १७०७ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षं, लोक औरंगजेबाशी लढत राहिले. कशासाठी? हा प्रश्न ते समोर ठेवतात. माझं प्रामाणिक मत असं की प्रस्तावनेतला शिवाजी कादंबरीतल्या शिवाजीपेक्षा जास्त कठीण धातूचा आहे. कादंबरीतला थोडा हळवा झालाय. म्हणून प्रस्तावना शेवटी वाचावी, आधी वाचली तर कादंबरीकडून नको तेवढ्या अपेक्षा होतात.

एक इशारा दोन्ही पुस्तकांना लागू. दोन्ही पन्नास-साठच्या दशकांतली आहेत. दादोजी कोंडदेव, समर्थ रामदास यांचं महाराजांच्या आयुष्यात नेमकं स्थान काय, यावर त्यानंतर इतकी घुसळण झालीय की पुरावा म्हणून यांतलं पान कुणापुढे नाचवू नये. ‘श्रीमान योगी’ हे नावच रामदासांच्या ‘श्रीमंत योगी’वरून आलंय, यातच त्या काळाची धारणा कळते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर ‘महाराज म्हणाले होते’ म्हणून जे फिरतं त्यातलं निम्मं कुठल्यातरी कादंबरीकाराने किंवा नाटककाराने त्यांच्या तोंडी घातलेलं असावं असा मला दाट संशय आहे. एकदा मी तसं लिहिलं, तर दोन दिवस कुणी माझ्याशी लिफ्टमध्ये बोललं नाही.

महाराज खरोखर काय म्हणाले ते हवं असेल तर त्यांची पत्रं आहेत. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र भाच्याने या दोन पुस्तकांच्याही आधी वाचावं. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आणि दाणा आत्ताच उधळलात तर घोडी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखी होतील. मग तुम्ही रयतेच्या घरातलं गवत, लाकूड, भाजी उचलू लागाल आणि लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे तर ते थेट दिव्याच्या वातीवर येतात: रात्री दिवा जळता ठेवाल, उंदीर वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, सगळा पागा खाक होईल. उंदीर! राज्य उभं करणारा माणूस बसून उंदराचा विचार करतोय. इतका जिवंत, चिडका, काळजीवाहू शिवाजी मला दोन्ही जाड पुस्तकांत मिळून भेटला नाही. पण दोन पानांचं पत्र वाढदिवसाला भेट देता येत नाही.

तर मग. बारा-चौदा वर्षांचं मूल असेल, किंवा पुढच्या शनिवारी गडावर जायचं असेल आणि तिथे अंगावर काटा हवा असेल, तर ‘राजा शिवछत्रपती’ घ्या, बिनधास्त. दलालांच्या चित्रांसाठीही घ्या. भाचा पंचविशीचा आहे, एकटा राहतो, रात्री उशिरा वाचतो आणि माणूस मागतो. त्याला मी ‘श्रीमान योगी’ पाठवलंय. कुरुंदकरांच्या पानांना रबरबँड लावून त्यावर चिठ्ठी डकवली: ‘हे शेवटी’. तो ऐकणार नाही, आमच्या घराण्यात ऐकायची रीत नाही, पण लावलंय.

नवीन प्रत विकत घेतली. घरातली द्यायला हरकत नव्हती, बाबा आता रात्री क्रिकेटची कॉमेंट्रीच ऐकतात. पण आम्ही वाचत वाचत रायगडावरच्या शेवटच्या आजारपणाशी आलो होतो. मी पान उलटणार, तोच ते म्हणाले, "आज इथेच थांब." दुसऱ्या रात्री त्यांनी पुस्तक मागितलं नाही, तिसऱ्या रात्रीही नाही, आणि मीही विचारलं नाही. त्या पानात एस.टी.चं जुनं तिकीट खूण म्हणून घातलंय. ते काढावंसं वाटलं नाही.