जंत पाडणारं चूर्ण: पाचपैकी दीड

सांगलीच्या बाजारात 'पोट साफ, जंत बाहेर' म्हणून जी चूर्णं खपतात, त्यांत सोनामुखी, इसबगोल आणि वावडिंग हमखास दिसतं. सोनामुखीनं सकाळी पोट मोकळं होतं, हे खरं. पण जुलाब झाले म्हणजे जंत पडले असं नव्हे. शौचात दिसणारे पांढुरके बुळबुळीत दोरे बहुतेक वेळा फुगलेला इसबगोल आणि आव असतो. खरा गोलकृमी वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळता असतो. उसाच्या रानात अनवाणी फिरणाऱ्यांच्या पायांतून शिरणारा आकडेकृमी तर शौचात सहसा दिसतच नाही, फक्त रक्त कमी होत जातं. सोनामुखी महिनोन्‌महिने घेतली तर पोटात कळा येतात, अंगातलं पोटॅशियम घटतं. दीड गुण फक्त इसबगोलासाठी, आणि तो सुटा स्वस्त मिळतो.

जंतांवर अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ, एकच गोळी, चावून. एक ते दोन वर्षांच्या बाळाला निम्मी. गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सुतकृमी (गुदद्वाराशी खाज आणणारे दोऱ्यासारखे बारीक पांढरे जंत) असतील तर घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यावी, दोन आठवड्यांनी पुन्हा. अंगणवाडीत आणि शाळेत मुलांना ही गोळी फुकट देतात, ती चुकवू नका.

अमीबा, जिआर्डिया या नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या आतड्यातल्या परजीवींना मात्र औषध वेगळं लागतं, म्हणून आधी शौच तपासणी. कोरड्या डबीत, लघवी न मिसळता, एक दिवसाआड तीन नमुने. पातळ असेल तर अर्ध्या तासात लॅबमध्ये पोचवा.