२५० खोके, पाच महिने आणि लाल पेन

काल फाइनलायनरचं, म्हणजे बारीक टोकाच्या शाईच्या पेनचं, टोक आत दबलं, रेघ जाडी-बारीक यायला लागली. हे चौथं पेन. चित्रातलं पर्स्पेक्टिव्ह (दूरचं लहान दिसणं) हाताला कळावं म्हणून कागदावर २५० खोके काढायचा सराव संपला तेव्हाच लिहायचं होतं, ते आता लिहिते.

सराव असा असतो. व्हॅनिशिंग पॉइंट (समांतर रेघा दूर जिथे मिळताना दिसतात तो बिंदू) न आखता, नुसत्या अंदाजाने खोके काढत जायचं. पहिला महिना मी रेघेच्याच मागे होते. हात खांद्यातून हलवायचा, दोन टिंबांमध्ये पेन आधी हवेतच फिरवायचं, मग एका दमात रेघ ओढायची. थरथर लवकर गेली. रेघ सुधारली की खोका सुधारतो असं तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं असतं. ते चूक होतं.

खोक्याला १२ कडा, समांतर कडांचे तीन गट, प्रत्येकात चार. खोका झाला की लाल पेनाने प्रत्येक गट लांबवायचा आणि चारही रेघा एकमेकींच्या जवळ येत जातात का ते बघायचं. शाई वाचवायला मी पहिले ९० खोके तपासलेच नाहीत. या काटकसरीचा अजून राग येतो. तपासायला बसले तर निम्म्या खोक्यांची मागची बाजू पुढच्यापेक्षा मोठी!

पुढे तीसेक खोके रेघा उलट्या, माझ्याच दिशेने लांबवल्या. तिकडे त्या फाकणारच. म्हणजे चांगल्या खोक्याला चूक ठरवून मी पुढचा बिघडवत होते. लांबवायच्या त्या आपल्यापासून दूर. इटलीतल्या आल्बर्टीनेही १४३५ मध्ये चित्रकलेवरच्या पुस्तकात चौकटींच्या फरशीची आखणी सांगताना पडताळा दिलाच होता: चौकटींमधून कर्ण सरळ गेला पाहिजे.

१३७ व्या खोक्यात दिसणाऱ्या नऊ कडा नीट होत्या, पण मागच्या लपलेल्या कोपऱ्यात तीन रेघा एकत्र येईनात, तिथे तांदळाएवढा त्रिकोण राहिला. आधीच्या सगळ्या बारीक चुका तिथे साठतात. तेव्हापासून शेजारच्या एका रेघेकडे न बघता गटातल्या चारही रेघा डोळ्यांपुढे ठेवते. त्यातल्या मधल्या दोन बहुतेक वेळा जवळपास समांतरच असतात. एवढं ध्यानात आल्यावर जो फरक पडला तो पाच महिन्यांत दुसऱ्या कशाने पडला नाही.

फाइनलायनरबद्दलचं मतही बदललं. खोडता येत नाही म्हणून हात टेकवण्याआधी विचार होतो, खर्च पटतो. तपासायला मात्र साधं लाल बॉलपेन पुरतं.

पहिले ९० पुन्हा काढायला घेतलेत. आज १३ झाले, तेराही तपासून.