लायसन्स काढून देणारे आणि गाडी शिकवणारे : एका मोटार ट्रेनिंग स्कूलचा अनुभव

आमची धाकटी सून जर्मन नागरिक आहे. लग्नानंतर गेली दोन वर्षे ती गुहागर तालुक्यात, वेळणेश्वरच्या आमच्या घरी राहते आणि पर्यटकांसाठी ठेवलेल्या दोन खोल्यांचे बुकिंग सांभाळते. एसटीच्या दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत साधे औषध आणायचे म्हटले तरी कोणाच्या तरी मागे बसून जावे लागते, हे तिला पहिल्याच पावसाळ्यात कळून चुकले. तिच्याजवळ जर्मनीचा मोटारीचा परवाना होता आणि त्यावर काढलेले आंतरराष्ट्रीय परमिटही होते. परंतु मूळ परवान्यावर जे वर्ग असतात तेवढ्यांपुरतेच असे परमिट चालते, आणि मोटरसायकलचा वर्ग तिच्या परवान्यावर नव्हता. विनापरवाना गाडी चालवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच हजार रुपये दंड आहे, आणि अपघात झालाच तर विम्याचा प्रश्न त्याहून मोठा. म्हणून येथलाच परवाना काढायचे ठरले आणि तालुक्याच्या बाजारपेठेतील एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातले.

या स्कूलमध्ये दोन माणसे आहेत. टेबलापाशी बसून कागदपत्रे पाहणारे मालक एक, आणि मैदानावर व रस्त्यावर शिकवणारे शिक्षक दुसरे. त्यांपैकी एकासाठी मी हे परीक्षण लिहीत आहे आणि दुसऱ्यामुळे ते लांबले आहे.

‘लायसन्ससह पूर्ण पॅकेज’ म्हणून आमच्याकडून साडेचार हजार रुपये घेण्यात आले. यात सरकारी शुल्क किती, हे विचारल्यावर मालकांनी ‘सगळं त्यातच आलं’ एवढेच सांगितले. प्रत्यक्षात एका वर्गाच्या शिकाऊ परवान्याचे १५० रुपये, त्याच्या परीक्षेचे ५०, वाहन चालवण्याच्या चाचणीचे ३०० आणि पक्क्या परवान्याचे २०० असे मिळून ७०० रुपये होतात. कार्डाचा आणि टपालाचा खर्च वेगळा धरला तरी उरलेली रक्कम स्कूलचीच राहते. शिकवण्याचे पैसे घेण्यात काहीच गैर नाही. परंतु सूनबाईंचे वय चौतीस असताना डॉक्टरांच्या दाखल्यासाठी आणखी तीनशे रुपये मागितले गेले, तेव्हा माझा संयम थोडा सुटला. खासगी वाहनाच्या परवान्यासाठी चाळिशीच्या आतल्या अर्जदाराला प्रकृतीविषयीचे स्वतःचे घोषणापत्र पुरते, ही गोष्ट रोज अर्ज भरणाऱ्या माणसाला माहीत नसेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. दाखवून दिल्यावर पैसे परत मिळाले, हेही नोंदवतो.

मालकांचे दुसरे आश्वासन असे, की शिकाऊ परवाना ‘घरबसल्या’ होईल. महाराष्ट्रात २०२१ पासून ही सोय आहे खरी. पण ती आधारवर चालते, आणि सूनबाईंकडे आधार नव्हते. परदेशी नागरिकालाही मागील बारा महिन्यांत किमान १८२ दिवस येथे राहिल्यावर आधार काढता येते, मात्र त्याची मुदत सामान्यतः व्हिसाइतकीच असते. त्यामुळे आमच्या घरी तो विषय दर वेळी पुढच्या व्हिसावर ढकलला गेला होता. आधार नसेल तर कागदपत्रांच्या पडताळणीसाठी आणि संगणकावरील परीक्षेसाठी स्वतः रत्नागिरीच्या परिवहन कार्यालयात जावे लागते, हे आम्हाला पैसे भरून झाल्यावर समजले. कोणी परदेशी नागरिक आपल्या भागात राहून परवाना काढणार असेल, तर त्याने स्कूलची पायरी चढण्यापूर्वी पासपोर्ट, चालू व्हिसा, परदेशी नागरिक म्हणून झालेल्या नोंदणीचा कागद आणि राहत्या घराच्या पत्त्याचा पुरावा, या चार गोष्टींवरील नाव व पत्ता अक्षरशः सारखे आहेत की नाहीत ते पाहून घ्यावे.

आमचे घोडे नेमके तेथेच अडले. अर्ज भरणाऱ्या मुलाने आपल्याकडच्या रीतीप्रमाणे तिच्या नावापुढे नवऱ्याचे नाव आणि मग आमचे आडनाव घातले. पासपोर्टवर तिची स्वतःची दोन नावे आणि माहेरचे आडनाव आहे, नवऱ्याचा कोठे पत्ताच नाही. खिडकीवरील कर्मचाऱ्याने पासपोर्ट उघडला, पडद्याकडे पाहिले, पुन्हा पासपोर्टकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, “यातल्या नक्की कोण?” प्रश्न रास्त होता. अर्ज परत आला, नव्याने भरावा लागला, आणि तवसाळ-जयगड फेरीबोटीने रत्नागिरीला जाऊन येण्याचा एक पूर्ण दिवस वाया गेला. मालकांचे म्हणणे, “सगळ्या सुनांचं असंच भरतो.” दुसऱ्या खेपेला मात्र काम अर्ध्या तासात झाले. परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी साठ टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. तिने ती इंग्रजीतून दिली आणि रस्त्यावरील खुणांचे एकही उत्तर चुकवले नाही.

आता शिकवण्याविषयी. जर्मनीत मोटरसायकलचा पहिलाच परवाना काढणाऱ्याला साध्या धड्यांखेरीज बारा विशेष धडे सक्तीचे असतात : पाच गावाबाहेरच्या रस्त्यावर, चार महामार्गावर आणि तीन अंधारात. शिक्षक मागून येतो आणि शिकणाऱ्याच्या कानातल्या रेडिओवरून सूचना देतो. सूनबाईंनी पहिल्याच दिवशी आपल्याकडे किती धडे सक्तीचे असतात असे विचारले, तेव्हा शिक्षक म्हणाले, “सक्तीचा एकही नाही, वहिनी. पण तुम्ही दहाच्या खाली सोडून जायचं म्हणालात तर मी चावी देणार नाही.” कायद्यात त्यांचे म्हणणे बरोबर आहे. दुचाकीच्या खासगी परवान्यासाठी स्कूलचा दाखला लागत नाही. शिकाऊ परवाना मिळून तीस दिवस झाले, की चाचणीला उभे राहता येते, मग त्या तीस दिवसांत गाडीला हात लावलेला असो वा नसो.

शिक्षकांनी दहा सकाळींची विभागणी स्वतःच्या अनुभवाने केलेली आहे. पहिले दोन दिवस शाळेच्या मैदानावर केवळ क्लच. गाडी जुनी स्प्लेंडर. पहिला गिअर टाकायचा आणि क्लच इतका हळू सोडायचा, की अॅक्सिलरेटर न पिळता गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकली पाहिजे. शिक्षक शेजारून चालत येतात. गाडी त्यांच्या पुढे गेली की ‘घाई झाली’ आणि बंद पडली की ‘भ्यालात’, एवढेच दोन शेरे. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांनी तिला मोडकाआगरच्या बाजूला रस्त्यावर काढले. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’, आणि शिक्षक मागच्या सीटवर. कारण शिकाऊ परवान्यावर मागे शिक्षकाखेरीज कोणालाही बसवता येत नाही. रस्ता मोकळा असताना ती वळली आणि जन्माच्या सवयीने सरळ उजव्या बाजूला गेली. समोरून काहीच येत नव्हते, हे आमचे भाग्य. शिक्षकांनी आवाज चढवला नाही. गाडी थांबवून त्यांनी तिच्या मनगटाकडे बोट दाखवले आणि म्हणाले, “ज्या हाताला घड्याळ, ती बाजू आपली.” त्या दिवसापासून ती घरातही घड्याळ काढत नाही.

या शिक्षकांचे खरे कसब उतारावर दिसते. वेळणेश्वरला समुद्राकडे उतरणारा रस्ता ज्यांनी पाहिला असेल, त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. आपल्याकडे पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करून, काही जण तर इंजिनच बंद करून सोडतात. शिक्षकांनी तिला आधी त्याच उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये उतरवले, ब्रेकला जवळजवळ हात न लावता. इंजिन स्वतःच गाडीला कसे धरून ठेवते ते तिला बसल्या जागी जाणवले. मग आंधळ्या वळणावर हॉर्न कोठे द्यायचा, एसटी वळताना संपूर्ण रस्ता व्यापते म्हणून आधीच कोठे थांबायचे, चिऱ्यांच्या ट्रकमधून सांडलेल्या बारीक खडीवर पुढचा ब्रेक का दाबायचा नाही, पावसानंतर सावलीतल्या रस्त्यावर शेवाळ कोठे धरते, आणि संध्याकाळी रस्त्यावर येऊन बसलेली गुरे हॉर्नने का उठत नाहीत, हे सारे त्यांनी जागेवर नेऊन दाखवले. चाचणीत यातले काहीही विचारत नाहीत.

एक त्रुटी मात्र शिकवण्यातही आहे. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात. आमच्या घरी बुलेट आहे. तिचा पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर. म्हणजे स्कूलमध्ये पायाला जे वळण लागते, त्याच्या नेमके उलटे घरच्या गाडीवर करावे लागते. घरी कोणती गाडी आहे, हे नाव घालतानाच विचारून शेवटचे दोन धडे त्या गाडीवर दिले असते तर पुढचा घोटाळा टळला असता.

घोटाळा असा झाला, की चाचणीच्या दिवशी स्कूलची स्प्लेंडर दुसऱ्या उमेदवारासाठी अन्यत्र गेलेली होती. चाचणीसाठी गाडी आपणच न्यायची असते. आदल्या रात्री नऊ वाजता मालकांचा निरोप आला, की घरचीच गाडी आणा. चाचणीत गाडी आठच्या आकड्यासारखी फिरवून दाखवायची असते. बुलेटवर असा आठचा आकडा काढणे, तेही पाय न टेकता, हे मुरलेल्या माणसालाही जड जाते. सूनबाईंनी दुसऱ्या वळणावर सवयीने गिअर पुढे दाबला, गाडी आचके देत थांबली आणि पाय जमिनीला लागला. सात दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते. त्याचे ३०० रुपये मालकांनी आमच्याकडूनच घेतले. पॅकेजमध्ये ‘सगळं’ आलेले असताना हे घ्यायला नको होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मधल्या आठवड्यात शिक्षक रोज संध्याकाळी आपण होऊन आमच्याकडे आले. अंगणाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर, त्यांनी चुन्याने आठ आखला आणि तिला बुलेटवरच तो काढायला लावला. नजर चाकापुढे ठेवायची नाही, वळणाच्या पलीकडे ठेवायची. मागचा ब्रेक किंचित दाबून ठेवायचा आणि क्लच अर्ध्यावर खेळवायचा. चौथ्या दिवशी पाय टेकला नाही. या सात दिवसांचे त्यांनी काही घेतले नाही; आमच्याकडच्या कोकम सरबताला तेवढे नाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या खेपेला सूनबाई बुलेटवरच उत्तीर्ण झाल्या.

कार्ड टपालाने घरी आले. तिशी ओलांडलेल्या आणि पन्नाशीच्या आतल्या माणसाला परवाना दहा वर्षांचा मिळतो, त्यामुळे आमच्या घरात सध्या तिच्या व्हिसापेक्षा तिच्या लायसन्सची मुदत मोठी आहे. नाव मात्र पासपोर्टप्रमाणे बरोबर छापले आहे.

मी या स्कूलला पाचपैकी तीन तारे देतो आणि त्यांतील अडीच शिक्षकांचे आहेत. ज्यांना अर्ज स्वतः भरता येतो, त्यांनी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर तो स्वतः भरावा, शुल्क स्वतः भरावे, आणि येथे फक्त शिकवणी लावावी. तशी मागितल्यास दहा धड्यांचे अडीच हजार सांगतात. सकाळची साडेसहाची वेळ मागून घ्यावी, कारण आठनंतर बाजारपेठेत टेम्पो लागतात. गेल्या आठवड्यात मी तेथून गेलो, तेव्हा स्कूलच्या फलकावर ‘परदेशी नागरिकांचे लायसन्स खात्रीने काढून मिळेल’ अशी नवी ओळ रंगवलेली दिसली. शिक्षक शिडी धरून उभे होते.