जुन्या कॉमिकचे पुनर्मुद्रण: मूळ रंग की नवे रंग?

मूळ रंगांतली आवृत्ती घ्यावी की नव्याने रंगवलेली, असा पेच एका मित्राने टाकला, तेव्हा वेष्टनावरची स्तुती बाजूला ठेवून मी कागद, रंग आणि संपादन एवढेच पाहिले.

जुने रंग चार शाईंच्या ठिपक्यांतून, शाई शोषणाऱ्या वृत्तपत्री कागदासाठी बेतलेले असत. तेच सपाट रंग गुळगुळीत पांढऱ्या कागदावर भडक होऊन डोळ्यांत खुपतात, म्हणून अशी आवृत्ती खरखरीत कागदावरच शोभते. संगणकावर छटा चढवलेले नवे रंग चकचकीत कागदाला मानवतात, पण दृश्याचा भावही पालटतात. १९८८ च्या ‘द किलिंग जोक’ या बॅटमॅनच्या कॉमिकचे रंग जॉन हिगिन्स यांचे होते, २००८ च्या आवृत्तीत ते चित्रकार ब्रायन बोलंड यांनी स्वतः बदलले आणि भूतकाळाची दृश्ये जवळजवळ कृष्णधवल करून मोजक्याच वस्तू लालसर ठेवल्या. मला हा संयम आवडतो, मात्र आधीच्या रंगांतली अस्वस्थ करणारी भगभग त्यात उरलेली नाही.

संपादनाची कसोटी दोन्हींना सारखीच: जोडपानाचे चित्र शिवणीत गडप झाले असेल किंवा मूळ मुखपृष्ठे आणि श्रेयनामे गाळली असतील, तर रंग कितीही देखणे असोत, ती प्रत घेऊ नये.

संग्राहकाने आणि अभ्यासकाने मूळ रंगांची आवृत्ती घ्यावी. केवळ कथेसाठी वाचणाऱ्याला, विशेषतः ते रंग चित्रकारानेच दिलेले असतील तर, नवी आवृत्ती पुरेशी आहे.