शॅमेलिऑनच्या पिंजऱ्याला ऊब कशाची? हॅलोजन, सिरॅमिक की पॅड : नाशिकच्या हवेतला हिशेब

शॅमेलिऑनच्या, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याच्या, पिंजऱ्यासाठी हीटर कोणता घेऊ, असं मला लोक डिसेंबरात विचारतात. नाशिकमध्ये हा प्रश्न मे महिना डोळ्यासमोर ठेवून सोडवायचा असतो. थंडीत ऊब वाढवता येते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा ती कमी करायला जागाच उरत नाही.

आधी एक गोष्ट उरकून टाकतो. बांधावरच्या बाभळीवर दिसणारा आपला घोयरा सरडा घरी आणायचा नाही, तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. इथलं सगळं शॅमेलिऑनच्या दोन परदेशी जातींबद्दल, येमेन-सौदीकडच्या व्हेल्डबद्दल आणि मादागास्करच्या पँथरबद्दल. त्यांचीही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

मोठ्या व्हेल्डला दिव्याखालच्या फांदीवर २९ ते ३२ अंश लागतात, बाकी पिंजऱ्यात २२ ते २७ पुरतात. रात्री १५-१८ पर्यंत उतरलं तर चांगलंच. पँथर जरा नाजूक, त्याची रात्र १८ च्या वर राहू द्या. पिल्लांना फांदीवर २७-२८ पुष्कळ झाले.

माझं मत हॅलोजनच्या बाजूने आहे. सकाळी साडेसातला दिवा लागला की आमचा व्हेल्ड अंगाची एक बाजू जवळजवळ काळी करतो आणि फांदीवर पापडासारखा चपटा होऊन दिव्याकडे आडवा उभा राहतो. वीस-पंचवीस मिनिटांत हिरवा झाला की उतरून पानांत जातो. (आई म्हणते, एवढी शेकशेगडी तर बाळंतिणीची पण नसते.) ऊन म्हणजे वरून येणारा उजेड आणि ऊब, दोन्ही एकत्र, एवढंच त्या जिवाला कळतं. ५० वॉटचा हॅलोजन रोज सहा तास चालवला तर महिन्याला ९ युनिट जातात. सोबत दिव्याचा डिमर घ्या, पंख्याचा रेग्युलेटर चालणार नाही. हॅलोजन मिळाला नाही तर ४०-६० वॉटचा जुना पिवळा बल्बही तेच काम करतो. एलईडी मात्र नाही. त्याने खोली उजळते, फांदी गारच राहते. आणि यातल्या कशानेही यूव्हीबीची (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) नळी वाचत नाही, ती वेगळी लागतेच.

सिरॅमिक एमिटर उजेड न देता फक्त तापतो. म्हणून दिवसा तो निरुपयोगी आणि रात्री कामाचा. रात्रीसाठी लाल-निळे बल्ब विकतात ते घेऊ नका, झोपमोड होते. पण नाशिकच्या फ्लॅटमध्ये सिरॅमिक लागतो किती दिवस? बाहेर पारा दहाच्या खाली गेला तरी खिडक्या बंद असलेल्या खोलीत सहसा १६-१७ असतात. निफाडकडे, जिथे कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात, किंवा पत्र्याच्या घरात राहत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे थर्मोस्टॅटसकट घ्याच. १०० वॉटचा रात्री दहा तास चालला तर महिन्याला ३० युनिट होतात. होल्डर चिनी मातीचाच हवा, प्लॅस्टिकचा वितळतो. हे एमिटर बहुतेक आट्यांचे असतात आणि आपल्या घरातले होल्डर पिनांचे, त्यामुळे होल्डर आधी आणा.

हीटिंग पॅडबद्दल फार लिहीत नाही. फांदीवर राहणाऱ्या जनावराला तळाची ऊब पोचत नाही, आणि चिकटून बसलं तर पोट भाजेपर्यंत त्याला कळत नाही. दुकानदार कितीही म्हणाला तरी नको.

जाळीचा पिंजरा की काचेची पेटी, हा दुसरा फाटा. पुण्या-मुंबईची मंडळी काच सुचवतात, कारण ऊब आणि ओल दोन्ही धरून ठेवते. थंडीत हे खरं आहे. पण वरच्या मजल्यावर स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो, तिथे मेमध्ये हीच काच भट्टी होते. मी जाळी घेतली आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिच्या तीन बाजूंना सनपॅक शीट (प्लॅस्टिकचा पोकळ पत्रा) बांधतो. जाळीत ओल टिकत नाही हे खरं, पाणी जास्त वेळा फवारावं लागतं. मात्र थंडीत संध्याकाळी उशिरा फवारू नका. गार आणि ओलं एकत्र आलं की छातीचा त्रास होतो.

मेमध्ये खोली ३२ च्या पुढे गेली की हॅलोजन सकाळी तासभरच लावायचा, नळी चालू ठेवायची. कूलर खोलीत असू द्या, झोत पिंजऱ्यावर नको. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर छान चालतो. जूनमध्ये हवा दमट झाली की त्याचा जोर संपतो, तोवर गरमीही उतरलेली असते.

पैसे कमीच असतील तर दिव्यात वाचवा, थर्मामीटरमध्ये नको. पहिल्या वर्षी मी पिंजऱ्याच्या भिंतीला चिकटवायचं गोल घड्याळवजा थर्मामीटर वापरलं. ते २७ दाखवत होतं आणि सरडा पांढुरका पडून तोंड वासून बसला होता. वायरवाला डिजिटल आणून त्याचं टोक फांदीला दोऱ्याने बांधलं तेव्हा कळलं, तिथे ४१ होते. दिवा जाळीला टेकवून ठेवला होता मी. आता दिव्यापासून त्याच्या पाठीपर्यंत वीतभर अंतर आहे. ते मोजताना डोक्यावरचा उंच तुराही धरायचा, कारण आधी भाजतो तोच.