वेलींसाठी सागवानी ट्रेलिस: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

नेरूळमधील आमच्या रो-हाउसच्या मागच्या, पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीवर गेल्या दिवाळीनंतर वेलींसाठी सागवानी जाळीच्या दोन चौकटी करून घेतल्या. उन्हाळा आणि संपूर्ण पावसाळा काढल्यानंतरचे त्यांचे स्वरूप येथे मांडत आहे, कारण खाडीकाठच्या या दमट, खारट हवेत लाकूड कोठे आणि कसे खराब होते, हे दुकानात कोणी सांगत नाही.

सागाला वाळवी लागत नाही, हे गाभ्याच्या लाकडापुरतेच खरे आहे. टेक्टोक्विनोनसारखी वाळवीला नकोशी द्रव्ये गाभ्यात असतात. सालीलगतच्या पांढरट भागाला ते संरक्षण मिळत नाही आणि स्वस्त पट्ट्यांत नेमका तोच भाग अधिक असतो. म्हणून आम्ही वखारीतून जुन्या बांधकामाचा साग निवडला आणि रंधा मारून आतला रंग पाहिल्यावरच पट्ट्या घेतल्या. त्यासाठी जास्त पैसे मोजावे लागले, पण या कामात तेच पैसे सर्वांत सार्थकी लागले असे मला वाटते.

लाकडाला पाण्याचा खरा धोका पृष्ठभागावर नसून कापलेल्या टोकांना आणि सांध्यांना असतो, कारण पाणी तंतूंच्या दिशेने झपाट्याने आत शिरते. त्यामुळे खांब मातीत न पुरता जमिनीपासून चार इंच वर, भिंतीत बसवलेल्या कंसांवर टेकवले, त्यांची वरची टोके तिरकी कापली आणि पट्ट्या एकमेकींत अर्ध्या खाचेने बसवून स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने आवळल्या. शेजारच्या बंगल्यातील मातीत रोवलेली पाइनची जाळी बुडाशी मऊ पडून याच पावसात कलली. आमच्या खांबांची बुडे अजून टणक आहेत.

एका चौकटीला व्हार्निश आणि दुसरीला डबल बॉइल्ड जवसाचे तेल असा फरक आम्ही मुद्दाम ठेवला होता. व्हार्निशची चौकट मे महिन्यापर्यंत निःसंशय अधिक देखणी होती, परंतु उन्हाने सांध्यांजवळ त्या थराला बारीक भेगा गेल्या, जुलैमध्ये पाणी त्याखाली अडकले आणि आता तेथे पांढुरके पोपडे सुटत आहेत. दुरुस्ती करायची तर वेल उतरवून सगळा थर खरवडावा लागेल. तेलाची चौकट राखाडी झाली आणि श्रावणात तिच्यावर बुरशीचे काळे ठिपकेही आले. मात्र साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने ते निघाले आणि लाकूड कोरडे झाल्यावर पुन्हा तेलाचा हात देणे पुरेसे ठरले. तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशी फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून बाहेर वाळवावीत.

वेलींच्या बाबतीत गोकर्णाने पूर्ण समाधान दिले. कृष्णकमळाच्या तणाव्यांना मात्र इंचभर रुंद पट्टीला वेढा घालणे जमत नाही, त्यामुळे मध्ये तारा ताणाव्या लागल्या. मधुमालतीबद्दल आवर्जून सावध करावेसे वाटते: तिचे खोड लाकडासारखे जाड होत जाते, आणि पट्टी व भिंत यांच्यामध्ये शिरलेल्या एका फांदीने स्क्रूसकट पट्टी उचलून धरली. आता तिच्या फांद्या जाळीच्या पुढच्या बाजूलाच, सुतळीचा सैल आठाचा वेढा घालून बांधतो आणि बहर ओसरला की छाटतो. भिंतीपासून तीन इंच अंतर ठेवल्यामुळे मागे हवा खेळते आणि भिंतीला ओल धरलेली नाही.

नव्याने करून घेणाऱ्यांनी खालच्या बाजूला बिजागऱ्या आणि वर हुक लावून घ्यावेत; म्हणजे लवचीक वेलींसह चौकट पुढे झुकवून मागची भिंत रंगवता येते. काम फेब्रुवारीपर्यंत उरकावे, कारण तेलाच्या दोन-तीन हातांना पावसापूर्वी पुरते वाळायला वेळ मिळाला पाहिजे.